‘उभा ट्रक’मधल्या गौरेशला काम मिळण्याबाबत

प्रति,
मा. कार्यक्रम अधिकारी,
मांडवीतीर दूरचित्रवाणी वाहिनी,
पणजी-गोवा.

विषय : ‘उभा ट्रक’ या मालिकेतील बेकार ट्रकचालक गौरेश यास शेवटच्या भागापूर्वी काम देणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयातील समीक्षाबाईंशी सोमवारी फोनवर झालेले बोलणे. (“आजी, हें सगळें लिहून धाडा.”)

महोदय,

वरील विषयास अनुसरून मी, पद्मावती विठ्ठल परब, वय ६४, राहणार कोरगाव, ता. पेडणे, सविनय कळवते की,

१. सदर मालिका आमच्या घरी रोज साडेसातला लागते. खाण बंद पडून गौरेशचा ट्रक दारात उभा राहिला, तेव्हापासून एकही भाग चुकलेला नाही. दसऱ्याच्या भागात त्याने कुठेच न जाणारा ट्रक धुऊन पुसून त्याला झेंडूची माळ घातली. त्या वेळी आमचे यजमान पाणी पिण्याचे निमित्त करून आत गेले, ते जाहिराती संपल्या तरी बाहेर आले नाहीत. त्यांनीही डिचोलीकडे खाणीवर बावीस वर्षे ट्रक चालवला आहे. तेव्हा मालिका चांगली आहे, हे प्रथम नमूद करते.

२. गौरेश हे सोंग आहे, हे मला ठाऊक आहे. ते घेणाऱ्या नटाला काम आहे. गौरेशला नाही.

३. म्हणून गेल्या महिन्यात मी देवळात नारळ ठेवून त्याच्यासाठी गाऱ्हाणे घालायला सांगितले. गाऱ्हाणे घालणाऱ्या गुरुदासबाबांनी रीतीप्रमाणे नाव विचारले. मी सांगितले, गौरेश. काम काय? ट्रक चालवतो, पण खाण बंद. “घरचो मगो?” म्हणजे घरचाच ना, असे त्यांनी विचारले, तेव्हा “रोज सांजेचो आमच्याच घरात आसता,” असे मी बोलून गेले. गुरुदासबाबांनी देवाला हाक घातली, “बा देवा म्हाराजा, ह्या गौरेशाक कामाधंद्याक लाव,” आणि जमलेल्या अकरा जणांनी “व्हय म्हाराजा” म्हटले. काम लागताच देवळात एक कीर्तन करीन, असा नवसही मी बोलले.

४. नवव्या दिवशी गौरेशला काम लागले. परंतु ते आमच्या शेजारच्या पार्वतीच्या गौरेशला. तोही ट्रकचालकच, तीन वर्षे घरी बसलेला. आता तो पेडणे-म्हापसा बस चालवतो. पार्वती पेढे घेऊन आली आणि माझे हात धरून म्हणाली, “वैनी, तुझें गाऱ्हाणें पावलें.” मी पेढा खाल्ला.

५. यात देवाची चूक नाही. मी ना आडनाव सांगितले, ना गाव. अर्धवट पत्त्याचे पत्र पोस्टमन ओळखीच्या घरात टाकतो, तसेच हे झाले, आणि योग्य घरात पडले. गुरुदासबाब म्हणतात, “वैनी, देवान आपलें काम केलें, तू आपलें कर.” पण मी कोणासाठी मागितले होते, ते देवाला आणि मला दोघांनाही माहीत आहे.

६. अशात समीक्षाबाईंकडून कळले की, मालिका तीस तारखेला संपते, आणि शेवटी ट्रक उभाच, गौरेश पायरीवर बसलेला, वरून नावे सरकतात. खरे जग असेच असते, असे त्या म्हणाल्या. असेलही. परंतु मी चाळीस वर्षे कीर्तन ऐकत आले आहे. आख्यानातल्या राजावर बुवा हवी तेवढी संकटे आणतात, आम्हाला पदर डोळ्यांना लावायला लावतात, पण राजाला रानात सोडून आरतीला उभे राहिलेले बुवा मी पाहिलेले नाहीत. आणि खऱ्या जगाचेच म्हणाल, तर आमच्या शेजारच्या गौरेशला काम लागलेच की.

७. दृश्य करण्यास खर्च येत असल्यास त्याचीही तजवीज केली आहे. आमचा गौरेश म्हणतो, “काकी, रविवारीं दनपारां म्हजी बस उबीच आसता. ताका एक फेरी मारूंक दी.” रविवार दुपारच्या या फेरीस मालकाची हरकत नाही. टोपीही देतो म्हणाला. फक्त दुसऱ्या गियरला जरा दम धरावा लागतो, हे आपल्या नटास आधी सांगावे. प्रवासी म्हणून आम्ही कीर्तनाची मंडळी बसू. यजमान पुढच्या सीटवर बसणार, हे त्यांनी आजच जाहीर केले आहे.

तरी गौरेशला शेवटच्या भागात, पाच मिनिटांपुरते का होईना, चाकामागे बसवावे, ही विनंती.

पार्वतीच्या गौरेशचे कीर्तन मी येत्या गुरुवारी ठरवून टाकले आहे. नवस एकाचाच बोलले होते, पण देवाने दोन घरे धरली, तर मीही दोन कीर्तने धरते. दुसऱ्यासाठी बुवांनी पुढच्या महिन्यातली एक तारीख अडवून ठेवली आहे आणि कोणाच्या नावाने, म्हणून विचारतात. ते नाव मी आपल्या उत्तरानंतर कळवीन.

आपल्या उत्तराकडे आणि साडेसातकडे डोळे लावून बसलेली,

पद्मावती विठ्ठल परब
कोरगाव, पेडणे-गोवा
दि. ११ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) बसमालकाचे संमतीपत्र.
२) एकेचाळीस श्रोत्यांच्या सह्या. पहिली सही आमच्या गौरेशची आहे. त्याने नावापुढे स्वतःहून ‘चालक’ असे लिहिले आहे.