साबणावरचं हिरवं पान

इंदिरानगर, बेंगळूरु
मंगळवार, २० जानेवारी

चि. आश्लेषास,
आत्याचे अनेक आशीर्वाद. माझे गुडघे आहेत तसेच. फोनवर तू 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून मला गप्प करतेस, म्हणून हे पत्र. वरच्या मजल्यावरची हर्षिता तुझ्या कोरमंगलालाच नोकरीला जाते, तिच्या हाती देते आहे.

तुझ्या कंपनीचे साबण पोचले. 'वेष्टनावरचं हिरवं पान माझं काम आहे, वाण म्हणून वाट,' असं तू लिहिलं होतंस. शनिवारच्या हळदीकुंकवाला वाटले. प्रत्येकीला सांगितलं, हा साबण करताना झालेला धूर आमच्या मुलीनं झाडं लावून भरून काढलाय.

हर्षितानं वेष्टनावरच्या ठिपक्याठिपक्यांच्या चौकोनावर फोन धरला. नकाशा उघडला, त्यावर तुमची झाडं. "अक्का, स्वल्प, जरा बघा. यातलं एक आपल्या फाटकाशी दाखवतायत."

फोटोत आपलं होंगेचं, म्हणजे करंजाचं झाड. तुझ्या बारशानंतर तुझ्या बापानं, माझ्या अण्णानं लावलेलं, बादलीनं पाणी घालून वाढवलेलं. गेल्या वर्षी कोणी मुलं त्याला नंबराची पट्टी ठोकून गेली. मला वाटलं, महापालिकेची असेल.

"म्हणजे अण्णा साबण विकतायत," हर्षिता म्हणाली. बायका हसल्या. मी तिळगूळ आणायला आत गेले. दिलेलं वाण परत मागता येत नाही, नाहीतर एकेकीच्या हातातून काढून घेतलं असतं.

तू पाठवलेलं माहितीपत्रकही वाचलं. कारखान्याचा धूर २०४० पर्यंत शून्य करू, तोवर झाडं मोजू. २०४० साली मी नसेन, तुझे साहेब त्या खुर्चीत नसतील. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कॅथलिक मुली शुक्रवारी फादरला पापं सांगून येत आणि सोमवारी पुन्हा माझी पेन्सिल चोरत. पण प्रार्थना निदान आपली आपण म्हणत. शेजारणीची आपल्या नावावर मोजत नसत.

येत्या शुक्रवारी हा संकल्प तू व्यासपीठावरून वाचणार, आणि मी पहिल्या रांगेत बसावं असं तुला वाटतं. मी येणार नाही. तूही वाचू नयेस. मग नोकरीचं काय, विचारशील. ते मनात धरूनच लिहिते आहे.

एक सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, टाळत होते.

अण्णाच्या तेराव्यानंतर तू या गल्लीत आली नाहीस. त्याची रिकामी खुर्ची बघवत नाही म्हणालीस, मी 'सरी, बरं' म्हटलं. पुढच्याच महिन्यात, मेच्या वादळात, होंगे मुळासकट आडवं झालं. माणसं आली, कापलं, ट्रकमध्ये घालून घेऊन गेली. नुकताच बाप गेलेल्या पोरीला हे कुठं सांगू? मग सांगायचं राहतच गेलं.

तुमच्या नकाशावर ते अजून वाढतंय. यंदा त्यानं किती कार्बन शोषला तेही हर्षितानं वाचून दाखवलं.

पट्टी मी काढून ठेवली आहे. शुक्रवारच्या आधी ये, झाड होतं तिथं उभी राहा. मग वाचायचं की नाही, तुझं तू ठरव.

येशील तर दुपारी नको. फाटकाशी आता ऊन लागतं.

तुझी,
संयोगिता आत्या