सोडलेली दोन पानं

अब्बा, यवतमाळच्या ज्या ग्रंथालयात मी काम करते, तिथे या आठवड्यात कपाटं हलवली. विज्ञान, मानसशास्त्र आणि समाज ही तिन्ही आता एका भिंतीला आली आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं समाजाची पुस्तकं नेतात, शाळेचे मास्तर विज्ञानाची. मानसशास्त्राच्या कपाटाशी आलेला माणूस मात्र, कोणी न विचारताच, पुस्तक दुसऱ्यासाठी पाहिजे म्हणून सांगतो. मी नोंद करते आणि देते. काल असंच एक पुस्तक देताना तुमची आठवण आली, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. ढाणकीच्या बाजारात तुमचं बाइंडिंगचं दुकान होतं. व्यापाऱ्यांच्या वह्या, शाळेची हजेरीपुस्तकं, आणि वर्षातून एकदा गावच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं यायची. तुम्ही उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. मराठी बोलायचे सफाईदार, पण वाचताना अक्षराला अक्षर जोडावं लागे. तरी शिलाई उसवून फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, सुटे करताना प्रत्येक पुस्तकाचं पहिलं पान तुम्ही वाचायचेच. त्या वर्षीच्या गठ्ठ्यात मनाच्या आजारांवरचं एक पुस्तक होतं. ते तुम्ही आठवडाभर बांधलंच नाही. वाचनालयाचे सर दोनदा विचारायला आले, आणि एरवी कधी खोटं न बोलणारे तुम्ही, खळ वाळली नाही म्हणून सांगून त्यांना परत पाठवलं.

घरी अम्मीचं बाळ जन्मतःच गेलं होतं, त्याला चार महिने झाले होते. ती पीठ मळते आणि परातीसमोर बसून राहते. रोट्या मी करते, शाळेला उशीर होतो, आणि घरात येणारी प्रत्येक बाई सांगून जाते की दुसरं मूल झालं की सगळं ठीक होईल. तुम्ही कोणालाच उलटून बोलत नाही.

त्या शुक्रवारी नमाजहून आल्यावर तुम्ही दुकानाचं दार ओढून घेतलं, मला समोर बसवलं आणि त्या पुस्तकाचा एक सुटा फर्मा हातात देऊन वाच म्हणाले. स्वतः दुसरं पुस्तक शिवत बसले. मी वाचत गेले. झोप उडते, भूक मरते, साध्या कामाला हात उचलत नाही. हा आळस नाही, आजार आहे, आणि त्याला औषध आहे. मग पुढच्या पानाची पहिली ओळ दिसली आणि मी दोन पानं एकदम उलटली. फर्मा संपवून तुमच्यापुढे ठेवला. तुमची सुई थांबली होती.

"आठ पानं असते एका फर्म्यात," तुम्ही म्हणाले. "तुनं सहाच वाचले. दोन काहून सोडले?"

अवघड शब्द आहेत, मी म्हणाले. तुम्ही रागावले नाही. फर्मा परत माझ्या हातात दिला आणि हळू वाच, मले घाई नाही, एवढंच म्हणाले. मग मी वाचलं. अशा माणसाला मरणाचे विचार येतात का, हे घरच्यांनी सरळ विचारावं, असं तिथे लिहिलं होतं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणसाला बोलता येतं. ते वाक्य तुम्ही माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात अम्मीसमोर जमिनीवर बसले आणि विचारलं. मी दारात उभी होते. परातीतलं पीठ तिने बोटांनी एका कडेला लोटलं. मग म्हणाली, "रोज."

तिचा पिठाने भरलेला हात तुम्ही किती तरी वेळ धरून ठेवला. त्याच दिवशी दुकान बंद ठेवून, उमरखेडला गाडी बदलून, तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. शेजारपाजारच्यांनी विचारलं तेव्हा लपवलं नाही. मनाचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत, असं सांगितलं. गोळ्यांनी लगेच काही झालं नाही. दोनेक महिन्यांनी मी शाळेतून आले तर तिने रोट्या केल्या होत्या, आणि एक जळाली म्हणून स्वतःशीच चिडत होती. पुस्तक तोवर कधीच बांधून परत गेलं होतं. अम्मी तुमच्यानंतरही नऊ वर्षं जगली.

ही गोष्ट मी कधीकधी वाचकांना सांगते. एका पुस्तकावरून माझ्या वडिलांनी आईला वाचवलं, म्हणते. त्यातला एक भाग मी कोणाला सांगत नाही, तुम्हालाही सांगितला नाही. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. ती दोन पानं अवघड नव्हती. त्याच्या पंधरा दिवस आधी, विहिरीवरून पाणी आणताना, अम्मीने मला विचारलं होतं, "मी नसले तर घर सांभाळशील ना?" मी हो म्हणाले. अब्बांना सांगायचं नाही, अशी तिने शपथ घातली आणि मी ती पाळली. तुम्ही तो फर्मा परत माझ्या हातात दिला नसता, तर ती दोन पानंही मी तुम्हाला वाचून दाखवली नसती.