दशमी की एकादशी

कार्तिक शु. ८, सातारा

ज्या दयाघनाने माणसाला स्मरण दिले आणि दयेनेच विस्मरणही दिले, त्या श्रीहरीच्या चरणी मस्तक ठेवून आजचे लिहितो. या लेखणीतून त्याने खोटे उतरू देऊ नये, एवढीच प्रार्थना.

मार्गशीर्ष शु. एकादशी महिन्यावर आली. सुमतीला जाऊन वर्ष होईल. वर्षश्राद्ध इथेच करायचे ठरले आहे, चि. श्रीकांत व सौ. मेधा सांगलीहून येतील. त्याआधी चार दिवस मी त्यांच्याकडे जाऊन येतो.

वर्षभर जो भेटला तो हेच म्हणाला, मोक्षदा एकादशीचे मरण, केवढी पुण्याई. सहधर्मचारिणी गेल्यावर माणसाला काही धरून राहावे लागते. मी ही तिथी धरून राहिलो. दुसरे एक आहे, ते मी कोणाला सांगितलेले नाही. आदल्या दिवशी, दशमीच्या सायंकाळी, सांगलीच्या दवाखान्यात तिच्या कानाशी विष्णूची नामे म्हणत असता तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळले. तिने ऐकले. अंतकाळी जे स्मरण, तीच पुढची गती, असे शास्त्र सांगते.

सकाळी कोरेगावचे हणमंत हवालदार आले. फौजेतून निवृत्त, घरचा ऊस आहे. मी शाळेत संस्कृत शिकवले म्हणून अजून लोक माझ्याकडे तिथी विचारायला येतात.

"आवं गुरुजी, कागदावर बुधवार लिवलाय. पर म्हातारा मंगळवारी माज्या मांडीवर गेला. नोंद करायला मी दुसऱ्या दिशी गेलो, त्येंनी त्योच वार टाकला. आता वरसाचं घालायचं कवा?"

म्हटले, "डोळ्यांनी पाहिले ते प्रमाण. कागद नंतरचा."

"मंग मंगळवारची तिथ धरतो. बायकू म्हणती, सरकारी कागूद हाय, सरकार काय खोटं बोलतंय व्हय? तिला म्हनलं, तू सरकारच्यात नांदायला जा." हसत गेले. निर्णय देताना मला क्षणभरही लागला नाही.

कार्तिक शु. १०, सांगली

एस. टी. कराडला खोळंबली, पोहोचायला दुपार टळली. मेधाने सुमतीच्या तसबिरीपुढे समई लावून पान वाढले होते. भाकरी, वांग्याचे भरीत, वर कच्चे तेल, जसे सुमतीला लागे तसे. विचारले, उद्या एकादशीचा उपास म्हणून आज का? म्हणाली, "हो बाबा." थोड्या वेळाने, पाठ करूनच, "मी दर महिन्याला दशमीलाच ठेवते."

श्रीकांतने वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. पान उलटले नाही.

कार्तिक शु. ११, सांगली

उपास. सायंकाळी श्रीकांतला घेऊन कृष्णेच्या घाटावर गेलो. संध्या झाली. नंतर सरळ विचारले, मेधा दशमी का पाळते?

मग जे बोलला ते जसे आठवते तसे.

"बाबा, डॉक्टरांनी दशमीच्या दुपारीच सांगितलं होतं. मेंदू थांबलाय म्हणाले. श्वास यंत्राचा आहे, औषधावर हृदय चाललंय, तेवढंच. यंत्र काढायचं की राहू द्यायचं, घरच्यांनी ठरवा."

मग मला का सांगितले नाहीस?

"तुम्ही त्या सकाळीच म्हणाला होतात. उद्या मोक्षदा आहे, देवाने एवढं केलं तरी पुरे. मला वाटलं, रात्रच तर काढायची आहे."

म्हणजे सूर्योदयानंतर यंत्र काढले, हृदय थांबले, ती वेळ कागदावर गेली. कागद खोटा नाही. श्रीकांतही खोटे बोललेला नाही. "आई आहे अजून" एवढेच तो त्या रात्री म्हणत राहिला. मुलाने बापासाठी एकादशी आणून ठेवली. दुकानातून आणावी तशी.

"मी चुकलो का, बाबा?"

दिवे लागले तसे उठलो.

कार्तिक शु. १२, सांगली

मेधाला बोलावून डोळ्यातल्या पाण्याची गोष्ट प्रथमच सांगितली. म्हटले, डॉक्टर काही म्हणोत, त्या सायंकाळी तिने ऐकले; मी पाहिले आहे. डोळ्यांनी पाहिले ते प्रमाण.

मेधा लसूण सोलत होती. हात थांबले.

"बाबा, कसं सांगू तुम्हाला."

सांग.

"डोळे नीट मिटत नव्हते त्यांचे. कोरडे पडतात म्हणून सिस्टर थोड्या थोड्या वेळाने थेंब घालायच्या. तुम्ही आत गेलात त्याच्या जरा आधीच घातले होते. मी तिथंच होते."

श्रीकांत आतून ओरडला, "मेधा, काय गरज होती?"

ती म्हणाली, "त्यांनी विचारलं, मी सांगितलं. वर्षभर तुमचं ऐकून गप्प होते."

माझी बाजू घेऊन श्रीकांत पुष्कळ बोलला. थेंब दोन्ही डोळ्यांत घालतात, पाणी एकाच डोळ्यातून आले, मग ते थेंबांचे कसे? त्याचा युक्तिवाद मी ऐकत होतो आणि त्यातले छिद्र मलाच दिसत होते. तिची मान डावीकडे कललेली होती.

उद्या परततो.

कार्तिक व. ४, सातारा

तीन दिवस ग्रंथ काढून बसलो आहे. प्राणोत्क्रमणाचा क्षण तो मृत्यूचा क्षण, यावर कोणाचे दुमत नाही. पण प्राण गेला हे ओळखावे कसे? जुने लोक नाकापुढे सूत धरीत. नळी तोंडात असता सूत कुठे धरायचे, आणि हलले तर तो कोणाचा श्वास म्हणायचा? एका धर्मनिबंधात शरीराची ऊब हे लक्षण सांगितले आहे, दुसऱ्यात तेच अमान्य केले आहे. टीकाकार दोघांचा मेळ घालतो, म्हणतो विषय भिन्न आहेत. जन्मभर मीही असाच मेळ घातला. विद्यार्थ्याने विरोध दाखवला की कल्पभेद म्हणायचे, देशभेद म्हणायचे, पुढचा श्लोक घ्यायचा.

मृत्यूची तिथी अज्ञात असेल तर त्या मासाची वद्य एकादशी किंवा अमावास्या घ्यावी, असेही वचन सापडले. क्षणभर सुटल्यासारखे वाटले. पण अज्ञात कसे म्हणू? दोन तिथी ठाऊक असणे म्हणजे तिथी अज्ञात असणे नव्हे.

इथल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारले. चांगला माणूस. म्हणाले, "आजोबा, हृदय थांबतं ती वेळ त्यांनी लिहिली. बरोबरच आहे." मग ती गेली केव्हा? "ते मी नाही सांगू शकणार." चहा पाजला.

सायंकाळची नामे म्हणायला बसलो. ज्या नामापाशी तिच्या डोळ्यातून पाणी आले तिथे येऊन वाचा थांबली. पुन्हा आरंभापासून म्हटली. पुन्हा तिथेच.

कार्तिक व. १०, सातारा

नामे तिथेच अडतात. आज बसलो नाही.

हवालदार पुन्हा आले. मलकापूरला दिलेली बहीण भांडते आहे.

"ती म्हणती, बाबा मंगळवारी न्हाई, बुधवारी तांबडं फुटताना गेलं, तवा ती उशापाशी व्हती आन् मी भाईर तंबाखू मळत व्हतो. आता गुरुजी, मांडी माजी का तिची? म्हातारा येक, आन् दोघांच्या बी मांडीवर गेला."

तुम्हाला नक्की काय आठवते?

"आता काय सांगू. सांगून सांगून मलाच कळंना झालंय. पर तुमीच म्हनला न्हवं, डोळ्यांनी बगितलं ते खरं? तिनं बी बगितलंय."

मी म्हटले, मला ठाऊक नाही. ते गोंधळले. माझ्या तोंडून हे शब्द त्यांनी पूर्वी ऐकले नव्हते. "तब्येत बरी न्हाई वाटतं," म्हणाले, आणि ओसरीत घेवड्याची पिशवी ठेवून गेले.

मार्गशीर्ष शु. ५, सातारा

श्रीकांतचा दूरध्वनी. "बाबा, तुम्ही म्हणाल ती तिथी. सांगा फक्त." आवाज थकलेला. वर्षभर तो हे एकट्याने वागवत होता आणि मी नातलगांना मोक्षदेची कथा सांगत होतो. बोलायचे पुष्कळ होते. "कळवतो," म्हणून ठेवला.

आमच्या उपाध्यांना सर्व सांगितले. ते माझ्याहून वयाने लहान, चार घरे करायची असतात. म्हणाले, "काका, एकादशीच राहू द्या. लोकांना तीच माहीत आहे, पत्रिकेत तीच गेली. श्रद्धेने केलं की पोचतं." पोचते, हे तुम्हाला कशावरून ठाऊक? हसले. "तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

खरे आहे. मीच शिकवले.

मार्गशीर्ष शु. १०, सातारा

श्रीकांत व मेधा काल आले. उद्याचे आमंत्रण सगळ्यांना गेले आहे, आष्ट्याहून सुमतीचे भाऊ निघाले आहेत. मी काही कळवले नाही, म्हणून एकादशीच राहिली. ठरवले कोणीच नाही.

दुपारी मेधाने नेहमीप्रमाणे पान वाढले. आज मी पाटावर समोर बसलो. विचारले, त्या दुपारी तू तिच्याजवळ होतीस. तुला काय दिसले? यंत्राचे सांगू नकोस.

"पाय गार पडायचे म्हणून मी चोळत बसले होते. रोज चोळताना बोटं जराशी आखडायच्या त्या. गुदगुल्या व्हायच्या ना त्यांना, आधीपासूनच. मग त्या दुपारी नुसतेच पाय राहिले माझ्या हातात. डॉक्टर नंतर आले."

मी कुठे होतो?

"बाहेर बाकावर. डोळा लागला होता तुमचा. दोन रात्रींचं जागरण होतं, बाबा."

म्हणजे तिच्याजवळ कोणी होते. पण नाम नव्हते. नाम आले ते सायंकाळी, आणि ते कोणी ऐकले हे मला सांगता येत नाही. मेधाला म्हटले, तू तरी तिच्या कानात काही म्हणाली असशील. ती खाली पाहून म्हणाली, "म्हटलं, आई, दुसरा पाय द्या."

पान तसेच होते. भाकरीचे पापुद्रे वाळले. कावळा आला नाही, आणि मी त्याची वाटही पाहिली नाही.

मार्गशीर्ष शु. ११, सातारा

श्राद्ध झाले. फराळाचे पदार्थ सगळ्यांना पुरले. सुमतीचे भाऊ म्हणाले, आमच्या ताईसारखे मरण मागून मिळत नाही. श्रीकांतने माझ्याकडे पाहिले, मी त्यांना विड्याचे पान दिले.

संकल्पाच्या वेळी "शुक्लपक्षे" म्हणून श्रीकांत थांबला. पळीतले पाणी तळहातावर घेतलेले. मी सांगावे म्हणून थांबला. लहानपणापासून पुढचा शब्द मीच देत आलो. आज देता येईना. संकल्पात आजच्या दिवसाची तिथी म्हणतात, आणि आज एकादशीच आहे, म्हणजे तो शब्द असत्य झाला नसता. एवढा शास्त्रार्थ तेवढ्या वेळात मनात येऊन गेला, तरी तोंड उघडले नाही. शेवटी उपाध्यांनी "एकादश्यां" म्हटले. श्रीकांतचे ओठ हलले. तो ते म्हणाला की दुसरे काही, मला ऐकू आले नाही. पाणी सुटले. मेधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत गेली.

निघताना तो पाया पडला. "बाबा, पुढच्या वर्षी?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. घाटावर न दिलेले उत्तर आजही दिले नाही, कारण ते माझ्याजवळ नाही. कागद खरा, मेधाचे हात खरे, शास्त्र खरे. तिघांत मिळून सुमती कुठे आहे ते मात्र कळत नाही.

नामे आजही म्हटली नाहीत. देवापुढे निरांजन मेधा लावून गेली, ते शांत होईपर्यंत बसून होतो.

हे ज्याच्या हाती येईल त्या प्रत्येकाचे श्रीहरी कल्याण करो. त्याच्या शेवटच्या श्वासाशी त्याचे माणूस जागे असो, आणि तो श्वास कोणता हे मागे राहिलेल्यांना शोधावे लागू नये.