ज्वारीच्या राखणीतले जंगम

अप्पा,

आज सकाळी पुस्तकाच्या एका पानावर अडकले, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. रात्री आभाळातून लांबच्या प्रवासाला जाणारे पक्षी दिसत नाहीत, नुसता आवाज येतो. त्या आवाजावरून कोण चाललंय ते ओळखायची पुस्तकं असतात, पण इंग्रजीत. पक्ष्याचं ओरडणंसुद्धा इंग्रजी अक्षरांत. आपल्या दुबलगुंडीच्या पोरांना वाचता येईल असं एक मराठीत व्हावं म्हणून आम्ही काहीजण धडपडतोय. घरातली पहिली पदवीधर मी, एवढं तरी हातून व्हावं असं वाटतं.

या वाटेला लागले ती तुमच्यामुळे. ज्वारी हुरड्याला आली की आपण राखणीला शेतात झोपायचो. अंधारातून चढत जाणारी शीळ यायची, पिक्-पिक्-पिवीक्, आणि तुम्ही हात जोडायचात. आपल्या लिंगायतांतले जंगम स्वामी गावोगाव फिरतात, भेटले की आपण 'शरणार्थी' म्हणून नमस्कार करतो, तसेच हे, असं तुमचं म्हणणं.

"जंगम निघाले बघ. शरणार्थी म्हण."

"कुठं जायल्यात, अप्पा?"

"त्यांला काय घर हाय का दार? एका जागी बसला तर जंगम कशाचा?"

"परत येत्यात?"

"येत्यात की. तुझ्यासारखाच त्यांला बी हुरड्याचा वास बरोब्बर लागतोय."

हुमनाबादच्या स्टँडवर तुम्हाला कलबुर्गीच्या गाडीत बसवलं, दवाखान्यात न्यायला, तेव्हा मी खिडकीखाली उभी होते. कवा येणार, म्हणून विचारलं. "तुझे जंगम यायच्या आत येतो. रडायलीस कामून, येडे?" पक्षी आले. तुम्हालाही आणलं, आणि रिवाजाप्रमाणे शेताच्या कडेला, बसवून, मातीत ठेवलं. पुढं दर राखणीला ती शीळ आली की मनात यायचं, हे एवढ्या लांबून परत येतात, तर... पुढचं मी कधी मनातसुद्धा बोलले नाही. पण त्या अर्ध्या वाक्यावर मी शाळा पार केली, कॉलेज पार केलं. तुमच्या जंगमांचं पुस्तकातलं नाव शोधत राहिले. मिळालं नाही, कारण मी त्यांना कायम प्रवाशांतच शोधलं.

आज ते पान होतं, प्रवासी नसून प्रवासी वाटणाऱ्या पक्ष्यांचं. त्यासाठी बाकीच्यांनी पाठवलेले आवाज मोबाईलवर लावून ऐकतेय, आणि एकदम तुमची शीळ. माय भाकरी थापतेय, ती आतून ओरडते, "आले का गं? अजून ज्वारी पेरली बी न्हाई, कामून एवढ्या लवकर?"

करवानक आहे तो, अप्पा. मोठ्या डोळ्यांचा, मातीच्या रंगाचा. तो कुठंच जात नाही. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, बाराही महिने आपल्याच माळावर असतो. आपण रात्रीचे शेतात जायचो ते राखणीपुरते, म्हणून वाटायचं की तो आत्ता आला. येणारे-जाणारे आपणच होतो.

मी म्हटलं, "मोबाईल वाजलाय, माय."

"मग त्यातल्याला बी शरणार्थी," म्हणत तिनं पिठाचे हात जोडले आणि हसली. मग थापणं थांबवून म्हणाली, "यंदा खरे आले की मला घेऊन चल राखणीला. तुझे अप्पा गेल्यापासून त्यांचं येणं तेवढंच हाय मला."

मी व्हय म्हटलं आणि मोबाईल बंद केला.

पानावर मी खरं तेच लिहिलंय. हा स्थलांतर करत नाही, वर्षभर इथंच राहतो. चुकीचं लिहून पोरांना काय शिकवणार? पण पुस्तक छापून आलं की माय सगळं वाचून दाखव म्हणेल, आणि हे पान मी तिला वाचून दाखवणार नाही. दोन पानं एकदम उलटीन, तिला कळायचं नाही. हे पत्रही तुमच्यापाशी शेतात येऊन वाचता यायचं नाही, तिथं ती सोबत असतेच.

माझ्यासाठी कुणी ते पान उलटलं असतं तर बरं झालं असतं, अप्पा.