स्कॅनमधला कोरा चौकोन

तीर्थरूप बाबांना, इतक्या लांबून वाकून नमस्कार.

माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं. झोपेचं विचारू नका. तुमच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी पोचणार होते, ते जमणार नाही. ताई, तू वाचायची थांबू नकोस, कारणही वाचून दाखव.

इथल्या हॉस्पिटलातले तीस जुने कॉम्प्युटर मी एका सर्व्हरला जोडलेत. सर्व्हर पेशंटच्या स्कॅनचे तुकडे करून ते स्पष्ट करायला या कॉम्प्युटरना वाटतो आणि काम झालेले तुकडे परत जोडतो. काल सगळं सुरळीत चाललं, डॉक्टरबाईंनी पाठ थोपटली. मग एका स्कॅनवर मला नखाएवढा कोरा चौकोन दिसला. त्या तिसांपैकी तळघरातल्या एका कॉम्प्युटरने आपला तुकडा कोराच परत पाठवला होता आणि सर्व्हरने तो मुकाट्याने जोडला होता.

साहेब म्हणाले, "एवढंसं तर आहे. तू घरी जाऊन ये, मग बघू."

मी बॅग भरलीसुद्धा. पण त्या नखाएवढ्या जागेत कुणाचं काय दडलं असेल, या विचाराने पाय निघेना. शेवटी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. आता झालेले सगळे स्कॅन पुन्हा सर्व्हरमधून काढायचे, म्हणजे आठ दिवस गेले.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. हे पत्रही तिसऱ्यांदा लिहितेय. माझ्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलू नका. डोळ्यांत थेंब कोण घालणार? नर्सशी वाद घालणार नाही ना?

रागावला असाल तर तसंच कळवा. मात्र ताईकडून लिहून घेऊ नका. पट्टी सुटली की स्वतः बघून, स्वतःच्या हाताने लिहा.

तुमची,
धाकटी