रेवाल मोडताना

१९ ऑक्टोबर, शनिवार

महांतेशने आज जेवताना विषय काढलाच. घोडी विकायची! "आप्पा आता काय बसणार न्हाईत तिच्यावर. मला दुकानातून उठाया फुरसत न्हाई. दावणीला उभी करून पूजा करायची का तिची?" अव्वांनी, म्हणजे सासूबाईंनी, मान खाली घालून भाकरी मोडली. आप्पा बाहेरच्या खोलीत पडून होते, त्यांच्यापर्यंत सगळं गेलं असणार. आषाढात दुकानात गादीवर बसल्या बसल्या लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली, पण कान शाबूत आहेत.

मी म्हटलं, मैनेला मी सांभाळते. तर नवरा हसला! "माळेगावच्या जत्रेआधी देगलूरचे व्यापारी बघून जातील," म्हणाला.

मग माझ्या तोंडून निघून गेलं — नांदेडला स्पर्धा आहे, मी उतरते, नंबर आला तर मैना घरी राहणार! तो "हाव, ठीक" म्हणाला आणि ताक मागितलं. इतक्या सहज म्हणाला, म्हणजे त्याला खात्रीच आहे नंबर येणार नाही याची.

अंजू, काय बोलून बसलीस हे!

२१ ऑक्टोबर

संघपाल सरांना फोन केला. सैन्यातून निवृत्त झालेत, विष्णुपुरीजवळ घोडेस्वारी शिकवतात. त्यांच्याच मैदानावर ८ डिसेंबरला स्पर्धा. नवख्यांसाठी एकच प्रकार — ‘वर्किंग हंटर’. "घाबरू नका, यात घड्याळ लावत नाहीत," म्हणाले. "रानात आडवं येतं तेच मांडलेलं असतं. ओंडका, कुंपण, फाटक. घोडं एका लयीत दौडत येऊन शहाण्यासारखं उडतं का, तेवढं बघतात. तुमची घोडी दौडते ना?"

मी हो म्हटलं. चक्क खोटं. मैना दौडत नाही. मैना रेवाल चालते.

२२ ऑक्टोबर

सरांना आज खरं सांगून टाकलं.

रेवाल म्हणजे आप्पांचा जीव. घोडी वाऱ्यासारखी जाते, चारी पाय सुटे सुटे पडतात आणि वर बसलेल्याच्या डोक्यावरची टोपीसुद्धा हलत नाही. तीन वर्षं खपून आप्पांनी ती चाल मैनेच्या अंगात भरली. आणि मैनेच्या आधीच्या घोडीवर मलाही त्यांनीच बसायला शिकवलं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं माझ्या! गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून हसायच्या, ईश्वरप्पाला म्हातारचळ लागला म्हणायच्या. आप्पांनी कुणाला भीक घातली नाही. त्यांचा धडा एकच — लगाम छातीशी, घोड्याची मान वर. मान वर गेली की रेवाल सुरू.

आणि उडी मारायची तर नेमकं उलटं! हात खाली, मान मोकळी, दौड. सर म्हणाले, "रेवाल मोडावी लागेल. एकदा मोडली की परत तशी येईल, याची हमी नाही. विचार करा."

दिवसभर केला. मैना विकली गेली तर रेवालही गेलीच की. मग मोडलेली काय वाईट?

२८ ऑक्टोबर

सोयाबीन निघालेल्या वावरात बाभळीचा ओंडका आडवा टाकलाय. गुडघ्याएवढा पण नाही. मैना ऐटीत मान वर करून रेवाल चालत गेली आणि ओंडक्यासमोर उभी! मी तिच्या गळ्यात. चौदा वेळा तेच.

तिला ओंडका दिसतच नाही. मान वर ठेवायला आम्हीच शिकवलंय ना.

३ नोव्हेंबर

काल पाडवा. आप्पांना दोघांनी धरून दावणीपर्यंत आणलं. त्यांनी डाव्या हातानं मैनेच्या कपाळाला विभूती लावली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चाल... जप."

चाल जप म्हणे! सकाळीच मी तिच्या तोंडातला त्यांचा काटेरी लगाम काढून साधा घातला होता. त्यांच्या लक्षात आलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ नोव्हेंबर

रोज सकाळी आप्पांच्या खिडकीखालून मुद्दाम रेवालीतच जाते. ते डाव्या हाताच्या बोटांनी पलंगाच्या काठावर ठेका धरतात — बाहेरून ऐकू येतो. गाव मागं पडलं की हात खाली घेते आणि ती चाल मोडायला लागते. असली सून कुणाला मिळू नये.

९ नोव्हेंबर

उडाली!! एकदाच. मी रडले, मैनेच्या मानेला मिठी मारून. पुन्हा नाही उडाली.

१६ नोव्हेंबर

आज झालं ते. खिडकीखाली मैनेची चाल तुटली. दोन पावलं रेवाल, मधेच उसळी, पुन्हा रेवाल, पुन्हा उसळी. मी लगाम छातीशी ओढला तरी सावरेना. पलंगावरचा ठेका थांबला.

घरी आले तेव्हा आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी "आप्पा" म्हटलं. वळले नाहीत.

१७ नोव्हेंबर

माझ्या हातचा चहा घेतला नाही. अव्वांनी दिला तेव्हा घेतला. अव्वा चुलीपाशी येऊन हळूच म्हणाल्या, "कामून केलीस गं पोरी? इचारायचं तरी व्हतं त्येंला." काय विचारायचं होतं? तुमची घोडी राखायला तुमचीच चाल मोडू का, असं? लकवा मारलेल्या माणसाला?

पण विचारायला हवं होतं. हे आता कळून काय उपयोग.

२५ नोव्हेंबर

मैना ना इकडची राहिली ना तिकडची. दौड चार ढांगा टिकते. रेवाल लंगडते. कडब्याच्या पेंढ्यांवरून कधी उडते, कधी त्यांनाच तोंड लावून खात बसते. सरांना तिचा व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं — "घोडी शिकते आहे. तुमचे हात शिकत नाहीयेत. उडीच्या आधी भीती वाटली की तुम्ही लगाम छातीशी घेता."

खरं आहे. अठरा वर्षांची सवय. आप्पा माझ्याशी बोलत नाहीत, पण माझ्या हातांत बसलेत.

१ डिसेंबर

आज नऊ उड्या झाल्या. नऊ! लिहून ठेवते, मग विश्वास बसायचा नाही.

२ डिसेंबर

एकही नाही.

८ डिसेंबर, रविवार

पहाटे पिकअपमध्ये मैनेला चढवली. निघताना आप्पांच्या पायाशी वाकले. त्यांनी पाय आत ओढून घेतले की हलले नुसते, समजलं नाही.

मैदानावर सगळ्यांचे घोडे चकचकीत. पोरं पोरी पांढऱ्या विजारीतली, बूट घातलेली, माझ्या निम्म्या वयाची. मी माझ्या सृष्टीचे कॉलेजचे बूट घालून गेले होते. पोरगी लातूरला क्लासला, बूट घरी! सर म्हणाले, "हात खाली. बाकी सगळं घोडीवर सोडा."

पहिला ओंडका — गेली. कुंपण — गेली. दगडी भिंतीसारखं काहीतरी रंगवलेलं होतं, त्यावरूनही गेली. चौथी उडी तर अशी मारली की मला माझंच खरं वाटेना. वाटलं, येतोय नंबर. वाटायला नको होतं! पुढं पांढरं फाटक. हात गेले छातीशी.

मैना बिचारी काय करणार. मान वर केली आणि रेवाल! साफ, सुरेख, खिडकीखाली तुटली होती तीच. कठड्याला टेकलेल्या गावाकडच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. परीक्षक बाईंनी खाली बघून काहीतरी लिहिलं. फाटकापाशी ती उभी राहिली. फिरवून आणली, पुन्हा उभी. तिसऱ्यांदाही उभी. घंटी वाजली. बाद.

मैनेची काहीच चूक नव्हती. हे कुणाला सांगू?

९ डिसेंबर

जेवताना महांतेशला फाटकाचं सगळं सांगितलं. रागावला नाही, टोमणासुद्धा मारला नाही. "ठरलं तर मग," म्हणाला आणि देगलूरला फोन लावला. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ डिसेंबर

फिरवायला नेत नाही तिला. कशाला न्यायचं? सकाळी वैरण टाकताना ती खांद्यावरून माझ्याकडे बघते. मी बघत नाही.

१५ डिसेंबर

देगलूरचे व्यापारी आले. त्यांच्या माणसानं मैनेला गल्लीतून दोनदा काढली. अशी रेवाल चालली की व्यापारी हसायलाच लागला. महांतेश दावं सोडायला उठला.

तेवढ्यात आतून आप्पांनी हाक मारली. व्यापाऱ्यालाच! तो आत गेला, आम्ही मागं. आप्पांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलून त्याच्यापुढं धरला. एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "खोडीची... हाय. पाडती. ह्यो हात... तिनंच घालवला. न्हेऊ... नका."

महांतेश बापाकडे बघत राहिला. व्यापारी चहासुद्धा न घेता गेला.

सगळे बाहेर गेल्यावर आप्पांनी मान हलवून मला जवळ बोलावलं.

"फाटक... केवढं व्हतं?"

मी हातानं उंची दाखवली.

"बस?" म्हणाले. "येवढंच?"