डोळा होईपर्यंत

पेण, रविवार

सुरभी,

हेवी मेटल वाजवणारा आपला 'मिठागर' बँड सुरू झाला तेव्हा आपण पाच जण होतो. मग बेसवाला रोह्याला कंपनीत शिफ्टला लागला, दुसरा गिटारवाला पुण्याला गेला. मी कॉलेज अर्ध्यात सोडलं, पण बँड नाही. गायला तू आणि ड्रमला साईराज, एवढं मला पुरे होतं.

जूनपासून साईराज प्रॅक्टिसला येईना. तुम्ही दोघं माझ्यामागे भेटता, असं मी धरून बसलो आणि त्याला काढून टाकलं. तू म्हणालीस, "मग मी पण नाय," आणि गेलीस.

सोमवारी त्याला चोपायलाच, तो हंगामात कामाला जातो त्या जोह्याच्या गणपती कारखान्यात गेलो. तो मूर्तीचे डोळे रंगवत होता. मान न वळवता म्हणाला, "हितेश, एवढा डोळा होऊ दे, मग मार." मीही श्वास रोखून उभा राहिलो.

ब्रश ठेवून म्हणाला, "ड्रम बडवला की दुसऱ्या दिवशी हात थरथरतो रे. रेघ हलली तर गणपती तिरळा. सुरभीनं सांगितलं नाय तुला?"

तू सांगितलं होतंस. मीच ऐकलं नव्हतं.

"आमच्यात तसलं काय नाय," तो म्हणाला. "तिला तुझी गिटार आवडते, डोकं नाय."

तिथूनच त्यानं तुला फोन लावला. "विसर्जन झालं की तिघं बसू," असं तू म्हणालीस, ते मी कान लावून ऐकलं. त्या दिवशी पोटभर जेवलो.

म्हणून हे पत्र टाकत नाही. माफी समोरच मागेन. साईराजनं बजावलंय, "ती बोलत असताना मधे तोंड घालायचं नाय." जमवीन.

अजून तुझाच गिटारवाला,
हितेश